पत्र्याची होडी

खाडीच्या चिखलात उभी राहून मी आमच्या होडीत दगड भरत होते, तेव्हा बांधावरून कोणीतरी हसलं.

वळून पाहिलं तर सायकल धरून एक उंच तरुण उभा. चांगली होडी बुडवता कशाला, त्याने विचारलं.

"गलते," मी ताठ मानेने म्हटलं. "पान्यात रायली का फुगंल, भेगा बुजतील."

"लाकूड फुगतं... ॲल्युमिनियम नाही."

खरं तर ती अक्कल माझ्या वडिलांची, आबांची. त्यांचा जन्म लाकडी होड्यांवर गेलेला. पण आबांना हसलेलं मी ऐकून घेणार होते थोडीच! मग तुमीच करून दावा, असं मी त्याला सुनावलं.

एकोणऐंशी सालची गोष्ट. आबांनी मुंबईहून जुनी आणलेली ती होडी, गाव तिला 'डबा' म्हणायचा. आता ती भंगारात जाणार होती. लाकडी होडी मला एकटीला ढकलवत नसे. हिच्यातून मात्र मी खाडीपलीकडच्या आमच्या भातशेतावर एकटी वल्हवत जायची. ही गेली की माझं जाणं संपलं, मग चूल आणि मी.

तो भालचंद्र. बोळिंजच्या केळीच्या वाडीतला, गोखिवऱ्याला भांड्यांच्या कारखान्यात कामाला. रविवारी हत्यारं घेऊन खरंच आला. होडी ओंडक्यांवर ठेवून त्याने ती आतून पाण्याने भरायला लावली. बाहेर जिथे थेंब फुटेल तिथे मी आबांच्या चंचीतल्या चुन्याचं बोट लावत गेले. सगळे थेंब पत्रे जोडणाऱ्या जुन्या रिव्हेटांपाशी.

मग होडी पालथी केली. मी खाली शिरून नव्या रिव्हेटाला लोखंडी ठोकळा लावून धरायचा, त्याने वरून हातोडा मारायचा. त्याचा प्रत्येक घाव माझ्या तळव्यात उतरत होता.

"हात दुखला तर सांगा," पत्र्यापलीकडून आवाज आला.

"तुमचाच दुखंल आदी."

"मला तर वाटतं... अजून थोडे रिव्हेट सुटलेले निघावेत."

पालथ्या होडीखाली तोंड दिसत नाही, ते एक बरं झालं.

संध्याकाळी भरती आली. धक्क्यावर सगळा गाव डबा बुडताना बघायला जमला. भालचंद्र माझ्यासमोर बसला, दोन्ही काठ घट्ट धरून. खाडीच्या मध्यावर आलो, तळ कोरडा ठणठणीत होता – आणि हा पांढराफटक.

"मला पोहता येत नाही, जिजा."

वल्हं थांबलं माझं. "मंग बसलाव कनाला?"

"होडी मी सांधली... वल्हं तुझ्या हातात. तू नेशील तर जन्मभर बसेन."

माझा ऊर अभिमानाने भरून आला. गावात पोहणारे उदंड, पण डब्यात बसायची छाती याच एकाची.

"नेन," मी म्हटलं.

आणि होडी वळवून मुद्दाम धक्क्यासमोरून नेली, सावकाश.

"गलते का गो?" आबांनी विचारलं.

"एक थेंब नाय, आबा. आनि नवरा मी ह्यालाच करनार."

आबा आधी होडीच्या तळाकडे आणि मग भालचंद्रकडे बघत राहिले. मीही त्याच्याकडे पाहिलं. त्याने काठ सोडून दिले होते.