बार्टलीचा अंदाज

"शपथेवर सांगतो, खरी गोष्ट आहे," म्हातारा टूमस पबातल्या शेकोटीजवळ सरकत म्हणाला. "म्हणजे फेस्टीनं सांगितली तेवढी खरी. फेस्टी एरवी फारसं खरं बोलत नाही."

"मग सांगता कशाला, आजोबा?" डॅरानं विचारलं.

"बाहेर पाऊस आहे. जाणारेस कुठं?"

फेस्टी डोंगराखाली एकटाच राहतो. शेजार एकच होता, दगडी गडग्यापलीकडच्या बार्टलीचा. दोघं जन्मभर रोज संध्याकाळी त्या गडग्याला टेकून हवामानावर भांडले. बार्टली पाकोळ्या किती खालून उडतात ते बघायचा, मांजर शेकोटीकडे पाठ करून बसलंय का बघायचा, आणि ठामपणे चुकायचा. तो 'कोरडं' म्हणाला की फेस्टी गवत गोळा करायला घ्यायचा. फेस्टीचं गवत कधी भिजलं नाही, बार्टलीचं दरवर्षी भिजायचं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत बार्टली वारला.

त्याच वर्षीची तेवीस जून, सेंट जॉनची रात्र. सगळं गाव टेकडीवर जाळाभोवती नाचत होतं. फेस्टीचं गवत कापून पडलेलं. हिवाळ्यात गाईला तेवढंच. मदतीला कुणी नाही, आणि आभाळ असं की काही कळेना. गवत चाचपायला म्हणून तो बाहेर पडला. सवयीनं गडग्याला टेकला. सवयीनंच म्हणाला, "काय रे, उद्याचं काय?"

"कोरडं."

...

फेस्टीनं वळून पाहिलं नाही. गवत ओढायचं दाताळं उचललं.

"कोरडं म्हणतोय ना," मागून आवाज. "झोप जा, गाढवा."

"तू म्हणतोस म्हणूनच," फेस्टी म्हणाला.

तो ओढत राहिला. टेकडीवरचे जाळ विझले. गाणी थांबली. मग... शेताच्या पार दुसऱ्या टोकाला... खर्र.

दुसरं दाताळं.

तो थांबला. तेही थांबलं.

त्यानं ओढलं. तिकडंही... खर्र.

"बार्टली?"

...

"बोल की काहीतरी. चुकीचं बोललास तरी चालेल."

नाही. नुसतंच खर्र... खर्र... उजाडेपर्यंत.

सकाळी शेतात दोन गंज्या. पावसाचा थेंब नाही. दिवसभर कडक ऊन. बार्टलीचा अंदाज पहिल्यांदाच बरोबर आला, तोही मेल्यावर.

फेस्टीची गंजी ठणठणीत कोरडी. दुसऱ्या टोकाची मात्र... चिंब. आतपर्यंत. निथळत होती.

डॅरा पुढं सरकला. मग हळूच, "पुन्हा बोलला तो?"

"नाही. फेस्टी रोज विचारतो."

टूमसनं रिकामा ग्लास त्याच्यापुढं सरकवला. "ऊठ. गोष्ट फुकट नसते. काळी बिअर आण, वर फेसासकट."