बावन्न ग्रॅम

शिंचू शहराच्या वाऱ्यानं प्रयोगशाळेच्या खिडक्या सकाळपासून खडखडत होत्या. पेई-शान तिकडे लक्ष न देता आकडे वाचत होती. तिला एक एन्झाइम बनवून घ्यायचं होतं. त्याचं जनुक आधी जिवाणूंत घातलं, तर त्यांनी ढीगभर माल काढला आणि सगळ्याच्या गुठळ्या करून ठेवल्या. यीस्टनं एन्झाइमला नको तितकी साखर चिकटवली. शेवटी तिनं हॅमस्टरच्या पेशी निवडल्या. त्यांचं सगळं हळू, नखरे शंभर, पण साखर लावणार माणसाच्या पेशींसारखी. आता त्याही मरत होत्या, आणि शुक्रवारी विभागप्रमुख काम गुंडाळणार होते.

हेच एन्झाइम अंगात नव्हतं म्हणून तिची मुलगी आ-निंग दोन वर्षांपूर्वी गेली. जेमतेम सहा वर्षांची होती. त्याच आजाराची तीन मुलं अजून इस्पितळात होती.

"मरतील नाहीतर काय!" जुने तंत्रज्ञ काओ दादा पेशी उबेत ठेवणाऱ्या इनक्युबेटरच्या डोक्यावर बोट दाखवत म्हणाले. "कुण्या दीडशहाण्यानं पिवळं पाकीट ठेवलंय बघा. यंत्रावर हिरवंच लागतं, सिग्नलसारखं."

मक्याच्या खाऊचं पाकीट होतं ते. त्यावर 'क्वाई' लिहिलेलं असतं, म्हणजे शहाण्यासारखं वाग. इथं प्रत्येक यंत्रावर असं एक असतं आणि ते कुणी उघडत नाही.

"दादा, तुम्ही विज्ञान शिकलात ना?"

"शिकलो की. म्हणून तर तीस वर्षांत एक यंत्र रुसू दिलं नाही. जा, डॉक्टरबाई, हिरवं आणा. तारीख बघून घ्या, शिळं चालत नाही."

हिरवं म्हणजे खोबऱ्याच्या चवीचं, आ-निंगचं आवडतं. ती पाकीट फस्त करायची, पण शेवटचा तुकडा अर्धाच खायची. उरलेला आईच्या तोंडात कोंबायची. समोरचा दात पडला तेव्हाही हा नेम चुकला नाही. पेई-शान दोन वर्षं दुकानातल्या त्या फळीकडे फिरकली नव्हती. त्या दिवशी गेली. पाकीट इनक्युबेटरवर ठेवताना तिच्या तोंडून निघून गेलं, "क्वाई हं, राणी."

मंगळवारी पेशी तरतरीत होत्या. द्रवात थोडं एन्झाइमही उतरलं होतं. पाकीट मात्र जरा बसल्यासारखं वाटलं, म्हणून तिनं ते काट्यावर ठेवलं. वर छापलं होतं बावन्न ग्रॅम. काटा अडतीस दाखवत होता.

तिनं भिंग घेऊन सगळ्या कडा तपासल्या. कुठंही भोक नव्हतं.

"उंदीर असेल," काओ दादा म्हणाले.

"उंदीर खाऊन झाल्यावर पाकीट परत चिकटवतो?"

बुधवारी एकवीस ग्रॅम. एन्झाइम तिप्पट.

गुरुवारी इनक्युबेटरचं दार उघडताच खोबऱ्याचा वास आला. एन्झाइम नितळ होतं, एक गुठळी नव्हती. पाकीट नऊ ग्रॅम.

"दादा, खरं सांगा. तुम्ही तर नाही ना?"

"मला मधुमेह आहे, डॉक्टरबाई." ते हसले नाहीत. पाकिटासमोर त्यांनी हात जोडले.

शुक्रवारी विभागप्रमुखांनी आकडे दोनदा वाचले. "याच पेशी ठेवा. काम चालू राहील."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेई-शान प्रयोगशाळेत येऊन ढसाढसा रडली. हे दोन वर्षं आधी जमलं असतं, तर पोर हाताशी असती.

मग तिनं पाकीट उचललं. हाताला वजनच लागेना.

"उघडू नका," काओ दादा दारातून म्हणाले. "उघडलं की संपतं."

तिनं कात्री घेतली.

तळाशी एकच तुकडा होता, अर्धा खाल्लेला. कडेला बारीक दातांचे व्रण होते आणि मधोमध एका दाताची जागा सुटली होती.

तिनं बोट लावलं.

तुकडा अजून ओला होता.