खंडेनवमीला आलेली गाडी

खंडेनवमीला कोणी गाडी घेऊन आलं की माझं डोकं फिरतं. इंदिरानगरात इतकी वर्षं गॅरेज चालवतोय, गिऱ्हाइकांना ठाऊक आहे की त्या दिवशी वाल्मीक साधा स्क्रूसुद्धा पिळत नाही. सकाळी पाने, पक्कड, जॅक सगळं धुऊन लाल कापडावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. वडिलांनी लावलेली शिस्त आहे. लोखंडालाही एक दिवस सुट्टी पाहिजे, असं ते म्हणायचे.

उदबत्ती लावत होतो तेवढ्यात एक जुनी पांढरी गाडी दारात येऊन उभी राहिली. चालवत होती उज्वला, आमच्या मागच्या सोसायटीत राहते, बँकेत नोकरीला आहे. मागच्या सीटवर तिची आई नवसाबाई, डोक्यावर पदर, कपाळ काचेला टेकवून बसलेली.

"ताई, आज नाही," मी म्हटलं. "उद्या संध्याकाळी या. हवं तर जेवायलाच या."

"वाल्मीकदादा, काही खोलू नका. नुसतं ऐका." ती उतरली आणि आईला ऐकू जाऊ नये म्हणून दार लोटून घेतलं. "गाडी घुमते. तो आवाज एकदाचा बंद करून द्या. आई त्याच्यापायी घरात यायला तयार नाही. दिवसभर गाडीत बसते, ताटसुद्धा तिथेच न्यावं लागतं. म्हणते, तुझे अण्णा आहेत ते. अशानं ती जायची हो हातची. आणि हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, लोक वेडं ठरवतील."

गाडी तिच्या अण्णांची, म्हणजे भिमाजींची. मखमलाबादला त्यांचा झेंडूचा मळा. आषाढात ते घरातून गेले ते परत आलेच नाहीत. शेवटचं त्यांना पाहिलं धाकट्या भावाने, गेणूने. 'देवळ्याला जाऊन येतो' म्हणाले, असं त्याने सांगितलं. गाडीही देवळ्यालाच सापडली, कांदा मार्केटच्या मागे, किल्ली आतच. मग पोलिसांनी आणि पाहुण्यारावळ्यांनी देवळ्याच्या विहिरी, लॉज, दवाखाने, सगळं पालथं घातलं. गाडी लेकीकडे आणून लावली. गेणू मात्र त्या दिवसापासून यांच्याकडे फिरकला नाही.

मनात म्हटलं, चाकाचं बेअरिंग. जुन्या गाडीत गुणगुण सुरू झाली की बहुतेक वेळा तेच निघतं, नाहीतर टायर. एरवी मी गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवून पाहिलं असतं. पण जॅकच्या डोक्यावर झेंडूचं फूल होतं. चला, आज कानानेच बघू.

मागच्या मोकळ्या मैदानावर गाडी नेली. उज्वला शेजारी बसली. आवाज होता खरा, पायाखालून येणारा, जाड. क्लच दाबला, तसाच. न्यूट्रलला सोडली, तसाच. चालत्या गाडीचं इंजिन बंद केलं, तरी तसाच. म्हणजे इंजिन सुटलं, गिअरबॉक्स सुटला. माझी कळी खुलली. बेअरिंगच.

बेअरिंगची एक सोपी खूण असते. गाडी वळवली की भार एका बाजूच्या चाकांवर येतो आणि आवाज बदलतो. मी स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवून गोल फेऱ्या मारायला लागलो. असं फिरताना आवाज एकसारखा राहायला हवा. राहत नव्हता. दर फेरीत एका ठरावीक जागी तो बसायचा आणि पुन्हा चढायचा. उजवीकडून फिरून पाहिलं. तीच जागा. मैदानापलीकडच्या पाण्याच्या टाकीकडे गाडीचं तोंड झालं की आवाज खाली, पाठ झाली की दात शिवशिवतील इतका वर.

टाकीकडे तोंड करून मी गाडी थांबवली. किल्ली काढून मुठीत धरली. उभ्या, बंद गाडीत तो आवाज होताच. बारीक. गोष्ट ऐकताना कोणी तोंड मिटून हुंकार देत बसावं, तसा.

मी आरशात पाहिलं. नवसाबाईंचे ओठ मिटलेले होते. मग ते हलले.

"तिकडं जायाचं हाय त्यांना," त्या म्हणाल्या. "मी सांगती तर कोनी ऐकत नाय."

"टाकीच्या बाजूला काय येतं?" मी उज्वलाला विचारलं.

"गंगापूर रोड. पुढे गिरणारे."

"गिरणाऱ्याला तुमचं कोण?"

"गेणूकाकांची द्राक्षबाग. पण अण्णा तर देवळ्याला गेले होते. देवळा पार दुसरीकडे."

खरं सांगतो, मी घाबरलो. आणि घाबरलो म्हणून चिडलो. हत्यारं हातात असती तर दोन्ही चाकं खोलून बेअरिंग बदलून टाकलं असतं, टाकीकडे लक्षसुद्धा गेलं नसतं. म्हटलं, खोटं तरी पाडू हे. मुंबई नाक्यावरून मुद्दाम द्वारका चौकाकडे वळलो, देवळ्याच्या रस्त्याला. आवाज इतका चढला की आरसा थरथरायला लागला आणि उज्वलाने कानांवर हात ठेवले. नवसाबाई मागे हळूहळू रडायला लागल्या. गाडी फिरवली, गंगापूर रोडला लागलो. आवाज बसला.

रस्त्याच्या दोन्ही कडांना दसऱ्याच्या झेंडूचे ढीग लागले होते. माणसं भाव करत होती, पोरं आपट्याच्या फांद्या घेऊन उभी होती. त्या गजबजाटातही मला आमच्या गाडीतला आवाज ओसरताना ऐकू येत होता. गंगापूर गाव मागे पडलं तेव्हा तो श्वासाएवढा उरला होता. गिरणाऱ्याच्या अलीकडे उज्वलाने कच्चा रस्ता दाखवला.

बागेची छाटणी नुकतीच झाली होती. नुसत्या उघड्या काड्या आणि तारा. सण म्हणून मजूर नव्हते. बागेच्या टोकाला मोठं शेततळं होतं, पावसाने काठोकाठ भरलेलं. त्याच्या बांधाशी गाडी पोहोचली आणि आवाज थांबला.

इतका अचानक, की माझ्या कानांत दडा बसल्यासारखं झालं.

मी उतरून बांधावर गेलो. चारी बाजूंनी उतार आणि त्यावर अंथरलेला काळा प्लास्टिकचा कागद. असल्या तळ्यात पडलेला माणूस कागदावरून घसरत राहतो, त्याला वर येता येत नाही. म्हणून कडेला खुंटा ठोकून पाण्यात दोर सोडून ठेवतात. इथेही खुंटा होता. त्याला दोराची गाठ होती आणि गाठीखाली वीतभर तुकडा. पुढचा दोर कापलेला होता.

पाणी हिरवं होतं. हलत नव्हतं.

बागेतून एक माणूस चालत आला.

"काका," उज्वला म्हणाली.

गेणूची दाढी वाढली होती, डोळे खोल गेले होते. जवळ आला तेव्हा दिसलं, दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते. इतके दाबून कोंबलेले की कडेची कातडी सोलली होती.

त्याने पुतणीकडे पाहिलं नाही. गाडीकडे पाहिलं. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्याने विचारलं, "हिचा आवाज बंद झाला का?"

मागचं दार उघडलं. नवसाबाई आपल्या आपण खाली उतरल्या. गाडीला धरून दोन पावलं आल्या, मग गाडी सोडली. बांधावर येऊन पाण्याकडे तोंड करून बसल्या. पदर सारखा केला.

"आले हो मी," त्या म्हणाल्या.

माझा हात सवयीने कमरेला गेला, जिथे पाना खोचलेला असतो. तिथे काही नव्हतं.

आम्हाला कसलाच आवाज येत नव्हता. पाखरूसुद्धा नाही.

गेणूने एका कानातला बोळा काढला. मान तळ्याकडे कलती करून थोडा वेळ ऐकलं.

मग बोळा पुन्हा कानात बसवला आणि बोटाने आत दाबला.