मेजरच्या घरातली खुर्ची

"दार उघडलं, तर लेखक पालथे पडलेले!"

एवढं बोलून मामा मटकन खाली बसला. हातातलं कुलूप किल्लीसकट फरशीवर आपटलं.

साडेचार वाजले होते. स्टुडिओच्या सामानखोलीत लेखक श्वासासाठी तडफडत होते. खोलीत धूळ ही एवढी, दम्याचा पंप कोटात आणि कोट बाहेर खुंटीवर. डॉक्टर धावत आले, मेकअपच्या खोलीत नेऊन त्यांना ऑक्सिजन लावला. जीव वाचला, पण तासभर एक शब्द बोलायचा नाही अशी तंबी मिळाली.

बाहेरून कुलूप कोणी लावलं?

किल्ली एकच आणि ती मामाच्या कमरेला. दिग्दर्शकांचा निकाल लागलासुद्धा. "शटर खाली घ्या. कोणी बाहेर जायचं नाही. सहाला पोलीस बोलावतो. मामा, तोवर काय सांगायचं ते ठरवून ठेव."

मामाने पडलेलं कुलूप उचलून मांडीवर ठेवलं.

वहीताई वही मिटून पुढे आली. मालिकेत तिचं काम नोंदींचं. कुठल्या दृश्यात कोणाचं बटण उघडं होतं, कप भरलेला होता की अर्धा, पडदे कुठले, सगळं तिच्या वहीत. म्हणून वहीताई. सामान सांभाळणारा मामा सेटवर सगळ्यांचाच मामा होता, पण तिचा सख्खा. वडील गेले तेव्हा ती चार वर्षांची. तिथून पुढे शाळा, कपडे, ही नोकरी, सगळं त्यानेच पाहिलं. तोच आज पोलिसांच्या गाडीत बसणार?

"सर, सहापर्यंत मला विचारपूस करू द्या."

"कर बाई. शटर बंदच आहे, कुठे जाणारेत सगळे?"

खरंच होतं ते. जायला जागाच नव्हती. मालिका लष्करी कुटुंबांची, रात्री नऊची. सात आठवड्यांत प्रेक्षकांनी पाठ फिरवली आणि चॅनलने गाशा गुंडाळायला सांगितला. आज शेवटचा दिवस. गोष्टीत कुटुंबं चार, पण घर एकच बांधलेलं. लष्करी क्वार्टर्स एकासारखी एक असतात, मग चार कशाला उभी करा? पिवळे पडदे लावले की सुभेदाराचं घर, निळे लावले की मेजरचं. बाकीच्यांच्या खुर्च्या-तसबिरी तोवर सामानखोलीत. खिडकीबाहेर रंगवलेलं आभाळ, आणि मागचं दार उघडलं की नाकासमोर भिंत.

आज सकाळपासून पिवळे पडदे होते. साडेचारला निळे चढायचे, म्हणूनच मामा मेजरचं सामान काढायला गेला. नाहीतर लेखकांचं काही खरं नव्हतं.

वहीताईने वही उघडली. दोन ते अडीच जेवणाची सुट्टी. दोनला लेखक चहा घेऊन लिहायला सामानखोलीत शिरले, कुलूप कडीला उघडंच लटकत होतं, हे चहावालीने पाहिलेलं. अडीचला इलेक्ट्रिशियन तिथून गेला तेव्हा कुलूप होतं. त्याला वाटलं, लेखक निघून गेले. तीनला साउंडवाला ओरडला होता, "कोणीतरी ठोकतंय!" त्यावर दिग्दर्शक कडाडले, "लाल दिवा चालूय, शॉट सुरू आहे, ठोकणं बंद!" आणि ठोकणं खरोखर बंद झालं होतं.

ठोकणारे लेखकच होते, हे आता तिला कळलं.

म्हणजे जे झालं ते दोन ते अडीचमध्ये. पण कशासाठी? चॅनलच्या सांगण्यावरून लेखक शेवटचा सीन बदलत होते. चारपर्यंत नवी पानं आली नाहीत, तर जुनाच सीन घ्यायचा ठरला होता. जुन्यात मेजर सुखरूप घरी येतो. नव्यात येत नाही. बातमी घेऊन वर्दीतले दोघं येतात आणि मेजरची आई दार उघडते.

पहिला नंबर मेजरचा.

"मरणं तुम्हाला नको होतं?"

"नको कशाला? मेलो की हार घातलेल्या तसबिरीला क्लोजअप मिळतो," मेजर म्हणाला. "सुट्टीत मी शटरपाशी सिगरेट ओढत होतो. वॉचमनला विचार."

वॉचमन हो म्हणाला. मग मेजरची बायको. तिचे केस तेव्हा हेअरड्रेसरच्या हातात होते, आणि हेअरड्रेसर तिच्या बोलण्याने अजून वैतागलेली होती.

उरली मेजरची आई. साठीची नटी. सेटवर सगळे तिला आईच म्हणत.

"आई, सुट्टीत कुठे होता?"

"माझ्या घरात गं. माझ्या खुर्चीत बसले होते, लेकाच्या तसबिरीसमोर. वाक्यं पाठ करत."

"एकट्याच?"

"एकटीच. वहीताई, वॉचमनकडे जमा केलेला माझा फोन वाजला का गं? मगाचपासून पाच वेळा विचारून आले."

"नाही वाजला."

आईने मान हलवली. वहीताई परत फिरली, चार पावलं गेली आणि थबकली. मग मामासमोर उकिडवी बसली.

"मामा, हे कुलूप लावायला किल्ली लागते?"

"दाबलं की बसतं. किल्ली उघडायला."

"मग हे सांगितलं का नाहीस? तुला माहितीये ना कोणी दाबलं?"

मामाने नजर फिरवली.

पावणेसहाला तिने सगळ्यांना सेटवर जमवलं. निळे पडदे चढले होते. लेखकही भिंत धरून आले.

"किल्ली मामाकडे म्हणून मामा गुन्हेगार, इथेच आपण फसलो," ती म्हणाली. "हे कुलूप कोणीही नुसतं दाबून लावू शकतं. आता सुट्टीत कोण कुठे होतं? आई म्हणाल्या, माझ्या घरात, माझ्या खुर्चीत, तसबिरीसमोर. पण दोन ते अडीच इथे पिवळे पडदे होते. मेजरचं घर तेव्हा नव्हतंच! ती खुर्ची आणि ती तसबीर होती सामानखोलीत. आई, तुम्ही खुर्चीबद्दल खोटं बोलला नाहीत. सात आठवड्यांत हे घर तुमच्या इतकं अंगवळणी पडलं, की आज ते उभंच नव्हतं हे तुम्ही विसरलात."

सगळ्यांच्या माना आईकडे वळल्या.

आईने पदराने तोंड पुसलं. "लेखकांना विनवायला गेले होते. हे झोपले होते. नवं पान छातीवर उघडं. मी खुर्चीत बसून वाचलं. माझा लेक खरोखरचा सीमेवर आहे. अकरा दिवस झाले, फोन नाही. आणि मी हे दार उघडू? करारावर सही आहे, नाही म्हणता येत नाही. चार वाजेपर्यंत पानं अडवायची, एवढंच डोक्यात होतं. नंतर सांगणार होते मामाला कुलूप उघडायला. पण लाल दिवा लागला, मग दुसरा शॉट, मग तिसरा. ते ठोकणं मी ऐकलं. ऐकून गप्प बसले. आणि मामावर आळ आला तेव्हाही गप्प बसले. शरम वाटते मला."

"बाई, मला हलवून उठवायचं होतंत," लेखक घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"आणि तू?" वहीताई मामाकडे वळली. "तू कोणासाठी तुरुंगात निघाला होतास?"

"कुलूप दाबताना पाहिलं मी त्यांना. आत कोणी आहे हे ठाऊक नव्हतं. तुझ्या बापाची बातमी घेऊन असेच वर्दीतले दोघं आले होते. दार मी उघडलं. तुझी आई आत तुला भरवत होती. तुझं जेवण होईपर्यंत त्यांना पायरीवर उभं केलं मी. त्या दाराला या बाई घाबरल्या, तर त्यांचं नाव मी कसं घेऊ?"

वहीताईला हे आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. तिला रडू फुटलं.

"तक्रार नाही माझी," लेखक म्हणाले. "पोलीस नकोत."

दिग्दर्शकांनी कपाळ चोळलं. "ठीक. पण मेजर मरणार. पानं आता हाती आहेत. चॅनलचा हुकूम आहे, माझा नाइलाज आहे."

"मरू दे. दार कोणी उघडायचं, ते तर मी लिहितो ना?" लेखकांनी पान मागितलं, एक ओळ खोडली आणि मामाकडे बघितलं. "मेजरचा मामा. जमेल?"

मामाने कमरेची किल्ली काढून भाचीच्या हातात दिली.

आई आत खुर्चीत बसली. लाल दिवा लागला. दारावर थाप पडली आणि मामाने दार उघडलं. बाहेर वर्दीतले दोघं.

"ती आत आहे," मामा हळूच म्हणाला. "जे काय असेल ते मला सांगा."

पानावर असं वाक्य नव्हतं. वर्दीतल्या दोघांना आपलं वाक्य आठवेना. कट कोणी म्हटलं नाही, आणि मामा दोन्ही हातांनी चौकट धरून दारात तसाच उभा राहिला.