डाव्या नांगीचा खेकडा

पहिल्याच दिवशी तिनं आठ कोटी वर्षांच्या खेकड्यावर चहाचा कप ठेवला.

"अहो, अहो...!" करत एक उंच, चष्मेवाला माणूस धावत आला. त्यानं कप अलगद उचलला, दगडावर फुंकर घातली आणि मग कुठे तिच्याकडे पाहिलं.

"मला वाटलं, साधा दगड आहे," ती ओशाळून म्हणाली.

"साधाच आहे. फक्त आत कोणीतरी राहतंय."

तो संग्रहालयातला संशोधक. दगडात अडकून राहिलेले किडे आणि खेकडे हेच त्याचं जग. आणि ती, त्यांची चित्रं काढायला तीन महिन्यांसाठी आलेली चित्रकार. त्यानं तिला एकच नियम सांगितला : बघायचं, मोजायचं, काढायचं, पण हात लावायचा नाही. ती डावखुरी आहे हे लक्षात आल्यावर त्यानं स्वतःच टेबलावरचा दिवा उजवीकडे सरकवून दिला. नाहीतर तिच्याच हाताची सावली कागदावर पडली असती.

त्यानंतर तो रोज येऊ लागला. कधी मोजपट्टी विसरली म्हणून, कधी विसरली नव्हती हे सांगायला.

"झुरळ फार सुंदर झालंय," एकदा तो म्हणाला.

"झुरळाला सुंदर म्हणणारे तुम्ही पहिलेच!"

"झुरळाला नाही, म्हणजे... ज्यांनी काढलंय त्यांच्या—" आणि कानापर्यंत लाल होऊन तो चष्मा तिथेच विसरून निघून गेला.

घरी मावशी वाटच बघत असायची. "काय गं, आज काय म्हणाला तुझा खेकडेवाला?"

"माझा कसला, मावशी!"

"बरं, तुझा नाही. मग रोज जेवताना त्याचंच पुराण का?"

ती नुसतीच हसायची.

मग त्या चहाच्या कपवाल्या खेकड्याची पाळी आली. तिनं चित्र पुरं केलं आणि ते पाहून संशोधक उडालाच. या जातीच्या सगळ्या खेकड्यांची उजवी नांगी मोठी, याची मात्र डावी! नवी प्रजाती! चार आठवडे तो तिच्या टेबलाशी बसून, तिच्या दिव्याखाली तो दगड न्याहाळत होता. लेख तयार झाला. शुक्रवारी पाठवायचा होता.

गुरुवारी सकाळी छपाईचं पक्कं चित्र द्यायला ती त्याच्या खोलीत गेली. तो नव्हता. लेखाचं पहिलं पान समोरच होतं आणि नव्या प्रजातीला दिलेलं नाव होतं... तिचं. तिला हसावं की रडावं कळेना. आयुष्यात कुणी तिच्यासाठी साधी खुर्चीसुद्धा धरून ठेवली नव्हती.

ती तरंगतच जागेवर आली. दगडाकडे शेवटचं एकदा बघावं म्हणून तिनं दिवा लावला, तर दिवा गेलेला. ती दगड ट्रेसकट उचलून खिडकीशी गेली. ऊन डावीकडून आलं आणि खेकडा आत गेला. फुगीर दिसणारी पाठ खड्डा झाली. तिनं नियम मोडून बोट फिरवलं. खड्डाच होता. हा खेकडा नव्हताच, हा त्याचा ठसा होता. आणि ठशात डावं-उजवं उलटं उमटतं! उजेड डावीकडूनच येतो असं डोळा धरून चालतो, म्हणून उजवीकडच्या दिव्यानं खड्ड्याला उंचवटा करून दाखवलं होतं.

बोललं, तर त्याचा शोध गेला, तिचं नाव गेलं, आणि कदाचित तोही. गप्प बसलं, तर कुणाला कळणार होतं? पण उद्या कुणीतरी हाच दगड खिडकीशी नेला, तर हसं त्याचं होणार होतं.

तो आल्या आल्या तिनं सगळं सांगून टाकलं. "चूक माझी आहे," शेवटी ती कशीबशी म्हणाली.

त्यानं दगड खिडकीशी फिरवून फिरवून पाहिला. बराच वेळ. मग तो चक्क हसला.

"तुमची कशी? चार आठवडे मीही बघतच होतो की."

"मग तुम्हाला कसं दिसलं नाही?"

"खरं सांगू? मी... दगडाकडे फार कमी बघत होतो."

तिनं मान खाली घातली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"ते नाव... मी वाचलं," ती हळूच म्हणाली.

"वाटलं, छापून आलं की आपोआप कळेल. बोलावं लागणार नाही."

"आता तर प्रजातीच राहिली नाही. आता बोलावंच लागेल."

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मला तू आवडतेस," तो म्हणाला. "खेकड्याशिवायसुद्धा."

त्यानं हात पुढे केला. तिच्या बोटांवर अजून दगडाची धूळ होती.

"इथे हात लावायचा नाही ना?"

"तो नियम दगडांसाठी आहे."

तिनं आपला डावा हात त्याच्या हातात दिला. आज जेवताना मावशीला सांगायला बरंच काही होतं.