आगाऊच्या प्रतिक्रिया

"आता बरं दिसतंय, की आधी बरं दिसत होतं?"

*

कलम चौदा. कामाच्या वेळेत कर्मचाऱ्यानं लिहिलेला सर्व मजकूर कंपनीच्या मालकीचा राहील.

*

दुकानातला आरसा किंचित वाकडा आहे. त्यात कुणीही जरा बारीक दिसतं, म्हणून बाबांनी तो कधी बदलला नाही.

*

आगाऊ : काकूंनी शेवटी कुठली फ्रेम घेतली ते सांगितलंच नाहीत. इथे आमचा जीव टांगणीला लागलाय.

*

पान कायमचं बंद करायचं आहे? होय. नाही.

*

तर, ती चष्म्याच्या दुकानात बसायची. दुकान बाबांचं, डोळे तपासायचं शिक्षण तिचं. गिऱ्हाईक नसलं की ती ब्लॉग लिहायची, 'जवळचं-लांबचं' नावाचा. त्यात समोर येऊन बसणारी माणसं असायची. चष्मा लागल्याचं बायकोपासून लपवणारे एक काका, आणि तासभर सगळ्या फ्रेमा लावून पुन्हा पहिलीपाशीच येणाऱ्या एक काकू. पहिले दोन महिने तिच्या पानावर चिटपाखरूही फिरकलं नाही. ती ब्लॉग गुंडाळणारच होती, तेवढ्यात काकूंच्या लेखाखाली आगाऊ नावाच्या कुणाची तरी प्रतिक्रिया आली. ती एकटीच खुदकन हसली. दुसऱ्या दिवशी तिनं काकूंची फ्रेम जाहीर करून टाकली आणि मग लिहीतच राहिली. दोन वर्षं. लेख पडला की खाली आगाऊ हजर. कधी फिरकी घ्यायचा, कधी दोनच शब्द लिहून जायचा आणि ते दोन शब्द तिला दिवसभर पुरायचे.

मग एका दुपारी एक तरुण दुकानात शिरला. ऑफिसनं सगळ्यांनाच डोळे तपासून यायला सांगितलंय, म्हणाला. काय काम करता विचारल्यावर कॉम्प्युटरचं म्हणाला. आरशात स्वतःला बघून उगाचच हसला.

तपासणीची खोली म्हणजे एक अंधारा कोनाडा. दोन स्टुलं, मध्ये वीतभर अंतर. तपासणीची जड फ्रेम त्याच्या नाकावर ठेवून ती एकेक काच बदलत होती.

"आता बरं, की आधी?"

"आधी... नाही, आता. परत दाखवता?"

तिनं परत दाखवलं.

"ठरत नाहीये. आणखी एकदा?"

"तुम्ही मुद्दाम करताय."

"काच बदलताना तुम्ही श्वास रोखून धरता," तो हळूच म्हणाला. "हे कधी लिहिलं नाहीत."

तिचा हात हवेतच राहिला.

"आणि काकूंची फ्रेम मला आजही पटलेली नाही. सांगून ठेवतो."

"आगाऊ..." ती म्हणाली. नाव घेतलं की शिवी हासडली, तिचं तिलाच कळेना. अंधार होता म्हणून बरं. गालांवर काय चाललंय ते त्याला दिसलं नाही.

चष्मा न्यायला तो आला. मग स्क्रू आवळून घ्यायला आला, मग नाकाची बटणं बदलायला, मग काच पुसायचं फडकं हरवलं म्हणून. बाबा डब्यातले स्क्रू चाळत एकदा म्हणाले, "याचा स्क्रू दर शनिवारी ढिला होतो. चष्म्याचाच ना?" ती हसली, तोही हसला, आणि बाबा गोदामात काहीतरी शोधायला निघून गेले. गोदामात शोधण्यासारखं काही नव्हतं.

सहा महिने असे गेले. तिनं त्याला स्वतःबद्दल सगळं सांगितलं. आई गेल्यावर लिहायला लागले, हेसुद्धा. तो ऐकत राहायचा आणि त्याच्या ऑफिसचा विषय निघाला की तिचं नाहीतर चष्म्याचं काहीतरी काढायचा. दिसत नसताना दिसतंय म्हणणारी माणसं रोज तिच्यासमोर बसायची, तरी तिला कळलं नाही.

त्याच सुमारास ब्लॉगवाल्यांचा आणि कंपनीचा वाद पेटला. ज्या साइटवर ही सगळी मंडळी लिहायची, ती चालवणाऱ्या कंपनीनं जाहीर केलं, की सगळ्यांचे लेख घेऊन आम्ही संग्रह काढणार. कुणाला विचारलं नव्हतं. झाडांवर लिहिणारे एक निवृत्त मास्तर पुढे झाले, तीनशे जणांच्या सह्या जमल्या, तिचीही त्यात होती. लिहिलं आम्ही, छापणारे तुम्ही कोण? तीन आठवड्यांनी कंपनी नमली. ज्याला हवं त्यानं अठ्ठावीस तारखेपर्यंत आपले लेख उचलावेत आणि पान बंद करावं. जो पान ठेवेल त्याच्या मजकुराचं काय करायचं, ते कंपनी बघेल. लेखांखालच्या प्रतिक्रिया मात्र नेता येणार नाहीत. पान बंद झालं की त्याही पुसल्या जातील.

प्रतिक्रियाही आमच्याच, असं मास्तरांनी कळवलं. त्यावर कंपनीनं एक यादी पाठवली. नव्या लेखकांनी धीर सोडू नये म्हणून पगारी माणसं टोपणनावांनी प्रतिक्रिया लिहायची, त्या नावांची यादी. ते शब्द नोकरीतले, म्हणून कंपनीचे. मास्तरांनी फोनवर तिला नावं वाचून दाखवली. एकोणिसावं ऐकल्यावर ती म्हणाली, "पुरे, मास्तर."

शनिवारी तो आला तेव्हा यादीतलं 'आगाऊ' म्हणजे तूच का, एवढंच तिनं विचारलं. तो नाही म्हणाला नाही. प्रत्येकाकडे बारा नावं असायची, रोज तीस प्रतिक्रिया लिहाव्या लागायच्या, तिच्या पानावर तो तसाच आला होता. तिच्या तोंडून आई गेल्याचं ऐकलं त्या दिवशी सांगणार होता, आणि तेव्हापासून दर शनिवारी सांगणार होता.

"म्हणजे मला हसवणं हे तुझं काम होतं."

"सुरुवातीला. मग मी तुझं पान शेवटी ठेवायला लागलो. गोड शेवटी खातात ना... तसं."

"त्यांच्या कुठल्या आणि तुझ्या कुठल्या?"

त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला. तसा पुसायचा नाही म्हणून ती त्याला हजारदा रागावली होती.

"मला वेगळं करता येत नाही," तो म्हणाला.

त्यानं थाप मारली असती तर तिनं मानली असती. एक जरी दाखवली असती, ही माझी म्हणून, तरी ती तेवढ्यावर राहिली असती.

सव्वीस तारखेला तो पुन्हा आला. काउंटरवर त्यानं एक पेन ड्राइव्ह ठेवला. सगळ्या प्रतिक्रिया होत्या त्यात, दोनशे सव्वीस. ऑफिसात कळलं तर नोकरी जाईल, गेली तर गेली, म्हणाला.

तिला त्या हव्या होत्या. किती, ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं. तिनं पेन ड्राइव्ह बोटांत फिरवला आणि त्याच्याकडे सरकवला.

"तुझ्या असत्या, तर चोरून आणाव्या लागल्या असत्या का?"

त्यानं पेन ड्राइव्ह उचलून खिशात ठेवला.

"मग तोंडी सांगतो," तो म्हणाला. "आत्ता, इथे. ते तरी कंपनीचं नाही ना?"

"तोंडी तू छानच बोलशील रे," ती म्हणाली. "तीच तर भीती आहे."

तो गेला. पुढच्या शनिवारी बाबांनी स्क्रूचा डबा काढला, दाराकडे बघितलं आणि डबा परत ठेवून दिला.

त्याआधी, अठ्ठावीस तारखेला सकाळी, तिनं पान उघडलं होतं. ठेवलं तर तिचं लिहिणं कंपनीचं होणार होतं आणि आगाऊ तिथे राहणार होता. बंद केलं तर तिचं लिहिणं तिच्याकडे येणार होतं, एकटं. तिनं दोनशे सव्वीस प्रतिक्रिया पहिल्यापासून वाचल्या. तीन ठिकाणी हसली. मग बाहेर कुणीतरी हाक मारली, चष्मा झालाय का म्हणून. आले, असं म्हणून तिनं 'होय' दाबलं.

आता तिचे लेख दुसरीकडे आहेत. प्रत्येकाखाली एक ओळ आपोआप येते – अजून कुणी काही लिहिलेलं नाही.

पहिल्या दिवशी तपासले तेव्हा त्याचे दोन्ही डोळे ठणठणीत होते. कार्डावर पाव नंबर तिनं पदरचा लिहिला होता, चष्मा न्यायला तो परत यावा म्हणून.