वकीलबाई बाहेर जाऊन बसतात

पहाटेच्या धुक्यात ती कठड्याला टेकून उभी होती. आधी पायाखालची जमीन हादरली, मग धुकं फाटलं आणि एक काळा घोडा इतक्या जवळून गेला, की त्याचा गरम श्वास तिच्या गालाला लागला. ती उभीच…

"बाई, तोंड मिटा. माती जाते."

शेजारी घोड्यांचा डॉक्टर उभा होता.

"हे… रोज असंच असतं?"

"रोज. आणि रोज माझंही तोंड उघडंच राहतं."

ती वकील. शर्यती भरवणाऱ्या या क्लबचा कारभार सुधारायला, समितीत एक मत घेऊन बाहेरून आलेली. क्लब ना-नफा तत्त्वावर चाले. म्हणजे नफा क्लबला होत नसे, समितीला होई. समितीत बहुतेक घोड्यांचे मालक. लंगडा घोडा पळवायचा की नाही हे डॉक्टर ठरवी, आणि डॉक्टर ठेवायचा की नाही हे मालक. हा डॉक्टर लंगड्याला लंगडाच म्हणे. त्यामुळे त्याची नोकरीही लंगडत होती.

तिने पहिला नियम आणला: ज्याचा विषयाशी संबंध, त्याने तो सभेत सांगायचा आणि बाहेर जाऊन बसायचं. समितीने टाळ्या वाजवून मंजूर केला. नियम पाळायचाही असतो, अशी शंका कुणाला आली नाही.

मग रोजची पहाट, तोच कठडा. एकदा त्याने तिचा हात काळ्याच्या मानेवर ठेवला.

"थरथरतोय," ती कुजबुजली.

"घोडा की हात?"

"तुमचं तुम्ही बघा ना… तुमचाही थरथरतोय."

दुसरा नियम डॉक्टरची नेमणूक मालकांच्या हातून काढून घेण्याचा. दोघे-तिघे मालक तिच्या बाजूने पाघळले होते. प्रश्न एका मताचा होता, आणि ते मत तिचं. सभेत विषय निघाला आणि ती उठली.

"या डॉक्टरांशी माझा संबंध आहे."

"कसला?" अध्यक्षकाकांनी चष्मा काढला.

"त्यांना अजून सांगितलेलं नाही. पण… आहे. मी बाहेर बसते."

व्हरांड्यात डॉक्टर निकालाची वाट पाहत होता.

"हरलो आपण," ती म्हणाली. "मी मत सोडून आले."

"का?"

"नियम मीच लिहिलाय ना…"

तेवढ्यात दार उघडलं. अध्यक्षकाका बाहेर आले, कानापर्यंत लाल. "माझे दोन घोडे आहेत, पोरी. तू एवढं सांगून उठलीस, मग आम्ही कुठल्या तोंडाने बसायचं?" मागून खजिनदार… त्यांचे मेहुणे… एकेक करत व्हरांडा भरला. समोरून काळा गेला. सगळे म्हातारे लहान मुलांसारखे बघत राहिले.

आत उरले समितीतले एकटे मास्तर. घोडा सोडाच, आयुष्यात सायकलही न घेतलेले. सभेला किमान किती माणसं हवीत, हे क्लबच्या जुन्या घटनेत नव्हतंच. इथे कुणी खुर्चीवरून उठेल, हे कुणाला सुचलं नव्हतं.

"मंजूर?" मास्तरांनी खणखणीत विचारलं. आणि स्वतःच उत्तर दिलं, "मंजूर!"

व्हरांड्यात डॉक्टर तिच्याजवळ सरकला.

"आत नेमकं काय सांगितलंत?" डॉक्टरने विचारलं.

तिने त्याच्या कानात सांगितलं.

तो उभाच…

"डॉक्टर," ती हसली, "तोंड मिटा. माती जाते."